रुग्णालयाच्या खाटेपुरतीच हमी

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंब, मग त्याची शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो की पांढरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या छत्राखाली आले आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतील, अशी शासनाची ग्वाही आहे. तिचे स्वागत करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. गरिबीचा दाखला हातात घेऊन दारात उभे राहण्याची पाळी कोणावर येऊ नये, आरोग्य हा सर्वांचा समान हक्क असावा, हे तत्त्व शासनाने निदान एका क्षेत्रात तरी मान्य केले आहे. तथापि, ज्यांना वैद्यकीय साहाय्याची गरज आयुष्यभर आणि रोजच्या रोज भासते, त्या अपंगांच्या वाट्याला या पाच लाखांतून काय येते, याची चौकशी ठाणे जिल्ह्यात कोणी केली, तर हाती लागणारे उत्तर शासनाला भूषणावह नाही.

डोंबिवली पूर्वेला किंवा कल्याणच्या वालधुनी-खडेगोळवली भागात एका खोलीत राहणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलगा वीस वर्षांचा, जन्मतः मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेला. त्याला उचलून बसवावे लागते, भरवावे लागते, आंघोळ घालावी लागते. आठवड्यातून तीन-चार वेळा व्यायामोपचार झाले नाहीत तर सांधे आखडतात. झटक्यांची औषधे एक दिवसही चुकवता येत नाहीत. आईने नोकरी करण्याचा प्रश्नच उरलेला नाही. वडील पहाटेची लोकल गाठून मुंबईला जातात आणि रात्री परततात. अशी घरे आपापल्या वस्तीतील कार्यकर्त्यांना नावानिशी माहीत आहेत. या घराचा खर्च कशावर होतो? औषधे, डायपर, व्यायामोपचारकाची फी, रिक्षाभाडे, आणि ज्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही ते आईचे श्रम. यांतील एकही बाब जन आरोग्य योजनेच्या कक्षेत येत नाही. उद्या या मुलाला न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर शासन हजारो रुपये भरील. तो न्यूमोनिया होऊ नये म्हणून घरी जे करावे लागते, त्यासाठी एक रुपयाही देणार नाही.

हा कोणा अधिकाऱ्याच्या निष्ठुरपणाचा परिणाम नव्हे. तो योजनेच्या बांधणीतच आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यात मुंबई आणि रायगड होते, मधला ठाणे नव्हता. ठाण्याचा समावेश नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली तेव्हा झाला. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली गेली. नावे बदलली, मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, शस्त्रक्रियांची यादी लांबली. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. यादीतील ठरावीक उपचार, त्याचा ठरावीक दर, अंगीकृत रुग्णालय, पूर्वमंजुरी, आणि रुग्ण घरी गेला की हिशेब बंद. शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याचे संच यादीत आहेत हे खरे. पण तेही मुदतीचे आहेत आणि त्या त्या शस्त्रक्रियेच्या शेपटासारखे आहेत. बाह्यरुग्ण उपचार, घरची शुश्रूषा, मदतनीस यांना या बांधणीत मूलतः जागाच नाही. विम्याचे शास्त्र क्वचित घडणाऱ्या, मोठ्या आणि अनिश्चित आपत्तीसाठी जन्मले. अपंगत्व यांतले काहीच नाही. ते निश्चित आहे, दररोजचे आहे, आणि त्याचा एकेक खर्च लहान आहे. अशा गरजेला विम्याचे माप लावणे म्हणजे धान्य मोजायला फूटपट्टी घेण्यासारखे आहे.

केंद्राची एक योजना या गरजेच्या थोडी जवळ जाते, हे नमूद केले पाहिजे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना बाह्यरुग्ण उपचार आणि व्यायामोपचारांसह वर्षाला एक लाखाचे संरक्षण देते. २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती रक्कम एक लाख होती, आजही एक लाखच आहे. शिवाय पैसे आधी पदरचे खर्चावयाचे, बिले पाठवावयाची आणि परताव्याची वाट पाहावयाची. ज्याच्यापाशी आधी खर्चायला पैसे आहेत त्यालाच ती उपयोगी. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मनोरुग्ण यांच्यासाठी २०१५ मध्ये स्वावलंबन नावाची दोन लाखांची विमा योजना काढण्यात आली होती. ती काही वर्षांतच गुंडाळली गेली.

मग सार्वजनिक रुग्णालये आहेत ना, असे विचारले जाईल. येथे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचे नागरिक एका विचित्र भोवऱ्यात सापडले आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व तपासण्या व उपचार नि:शुल्क झाले. उत्तम निर्णय. परंतु महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत आली नाहीत. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही कल्याण-डोंबिवली महापालिकेची. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे. शासनाच्या म्हणाव्यात अशा मोठ्या संस्था दोनच: ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. त्यांतील जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या बांधकामासाठी मूळ जागेवरून मनोरुग्णालयाच्या परिसरात हलवावे लागले. म्हणजे मोहने-टिटवाळ्याच्या अपंगाला शासनाने दिलेली नि:शुल्क सेवा त्याच्या घराजवळच्या रुग्णालयात मिळत नाही, आणि जेथे मिळते तेथपर्यंत जाणे हेच त्याचे मुख्य संकट. गर्दीच्या वेळी अपंगांच्या डब्यात सशक्त माणसे घुसलेली असतात हे या मार्गावर प्रवास करणाऱ्याला सांगावयास नको. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अपंगांविषयी तर बोलावयासच नको.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम डिसेंबर २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी त्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. त्याच्या २५ व्या कलमात शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही कर्तव्य टाकले आहे: उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना घराच्या आसपास मोफत आरोग्यसेवा, रुग्णालयांत अडथळ्यांविना प्रवेश, तपासणीत व उपचारांत प्राधान्य. स्थानिक प्राधिकरण म्हणजेच महापालिका. तेव्हा हा विषय राज्याचा आहे, आमचा नव्हे, असे सांगून ठाणे आणि कल्याणच्या महापालिकांना अंग काढून घेता येणार नाही. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात औषधे, निदान-सेवा, साधने व सुधारक शस्त्रक्रिया विनामूल्य देणे, आणि ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांना शुश्रूषा भत्ता देणे सामाजिक सुरक्षेत अंतर्भूत केले आहे. कायदा करणाऱ्यांनी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द आरंभीच घालून ठेवले आहेत. आपल्याकडील कल्याणकारी कायद्यांत एक खिडकी उघडी ठेवण्याची प्रथा आहे. शासने त्या खिडकीतून निसटतात.

रोख साहाय्याचा इतिहासही याच जातीचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. दीर्घकाळ तुटपुंजी राहिलेली तिची रक्कम जुलै २०२३ पासून १,५०० रुपये झाली. २४ व्या कलमाची एक स्पष्ट अट अशी की, अशा योजनांत अपंगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तुलनेत निदान २५ टक्क्यांनी अधिक असावी. १,५०० च्या हिशेबाने ती १,८७५ होते. प्रत्यक्षात एकाच योजनेत विधवा, निराधार आणि अपंग यांना सारखीच रक्कम मिळत राहिली. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तीही १,५०० रुपयांची. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली आणि अन्य योजनेतून दीड हजार मिळणाऱ्या स्त्रीला त्यातून वगळले गेले. अपंगांसाठी निराधार योजनेतील मर्यादा आहे ५० हजार. गरीब स्त्रीच्या हाती पैसे पडले याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण एकाच चाळीतील दोन स्त्रियांपैकी धडधाकट स्त्रीला अडीच लाखांच्या मर्यादेत दीड हजार आणि दोन्ही पाय गमावलेल्या स्त्रीला ५० हजारांच्या मर्यादेत तितकेच दीड हजार, हा न्याय कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये, तेही साऱ्या कुटुंबाचे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात घरातील एक माणूस कुठेही हमालीला जरी उभा राहिला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मर्यादेच्या आत असणारे कुटुंब येथे जगूच शकत नाही, आणि तरीही लाभार्थी आहेत. याचा अर्थ तहसील कचेरीतील साहेबांपासून अर्जदारापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. प्रामाणिक माणूस दाराबाहेर राहतो आणि ज्याला दाखला ‘मिळवता’ येतो तो आत जातो. शासनाने मर्यादा ठरवताना गरिबी मोजली नाही. खोटे बोलण्याची सक्ती केली.

जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी मोझरी येथे उपोषण केले. अपंगांना दरमहा सहा हजार मिळावेत ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण त्या दबावानंतर सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने अपंगांचे अनुदान हजार रुपयांनी वाढवून अडीच हजार केले, ही वस्तुस्थिती आहे. कायदा अंमलात आल्यावर आठ वर्षांनी त्यातील २५ टक्क्यांची अट महाराष्ट्रात पाळली गेली, आणि तीही कायद्याकडे पाहून नव्हे. केंद्राचा वाटा तर सांगण्यासारखाही नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत तो दरमहा ३०० रुपये आहे, २०१२ पासून तो हललेला नाही, आणि त्यासाठी अपंगत्व ८० टक्के हवे. या काळात दिल्लीच्या शासनाने एक वाढ मात्र केली. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि सरकारी पाट्या बदलल्या. शब्दाला दिव्यत्व आले. असो.

या साऱ्याच्या मुळाशी आहे तो दाखला. ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांच्यावाचून कोणतेही दार उघडत नाही. पूर्वीच्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली आणि दोन वर्षांत अर्ज निकाली निघाला नाही तर तो रद्द समजून अपंगाने नव्याने अर्ज करावा अशी तरतूद आली. विलंब रुग्णालयाचा, शिक्षा अर्जदाराला! त्या वर्षी प्रशासकीय सेवेतील बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजले होते. लबाडी करणाऱ्यांना जरूर शासन व्हावे. पण एका परीविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर संशयाची दृष्टी वळली ती कुबड्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांकडे. दृष्टिहीन माणसाला संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्याला आधार-जोडणी करावी लागते, अंथरुणावर खिळलेल्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. येथील अपंगत्व पुष्कळ अंशी जन्मजात नाही, ते निर्माण केलेले आहे. ठाणे ते कल्याण या लोहमार्गावर माणसे दारात लटकून प्रवास करतात आणि पडतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी एकमेकांवर आदळून खाली पडले. काही प्राणाला मुकले, काही जखमी झाले. वर्तमानपत्रे मृतांचा आकडा देतात. हातपाय गमावून जे घरी परततात त्यांचा आकडा कोणी विचारत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाले, तेव्हा दूरदूरच्या घरांच्या काचा फुटून माणसे जायबंदी झाली. नोंदणी झालेल्या कामगाराला राज्य विमा योजनेतून कायम अपंगत्वाचे मासिक वेतन जन्मभर मिळते. प्रा. आदारकरांनी १९४४ मध्ये त्या योजनेचा पाया घातला, १९४८ मध्ये कायदा झाला, आणि आजही अपंगत्वाला हक्काचे उत्पन्न देणारी ती देशातील मोजक्या व्यवस्थांपैकी एक आहे. पण कंत्राटदाराच्या वहीत ज्याचे नावच नाही, त्याचे काय? स्फोटाच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या भाजीवालीचे काय?

त्याहून कठीण अवस्था बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांची. मोहने-आंबिवलीची नॅशनल रेयॉन २००९ मध्ये बंद पडली. देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षे झगडले, त्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. वर्गणी थांबली की विमा रुग्णालयाचा हक्क संपतो, हे तितके ठाऊक नसते. ज्या कामगाराच्या घरी अपंग मूल होते, त्या मुलाला वडिलांच्या कार्डावर औषधे मिळत होती. कारखान्याला टाळे लागले आणि कालांतराने त्या औषधांनाही लागले. ठाणे-बेलापूर, वागळे इस्टेट, अंबरनाथ येथे गेल्या तीन-चार दशकांत जे कारखाने गेले, त्यांच्याबरोबर ही सुरक्षाही गेली. आता तेथे गगनचुंबी इमारती आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी विनाकार्ड सुरक्षारक्षक उभे आहेत.

अमेरिकेत याच प्रश्नावर सध्या जे चालले आहे त्याकडे लक्ष देणे उद्बोधक ठरेल. १९६५ मध्ये सुरू झालेली तेथील मेडिकेड योजना केंद्र आणि राज्ये मिळून चालवतात. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरीही अपंगाला घरी येणारा मदतनीस, व्यायामोपचार, चाकांची खुर्ची या योजनेतून मिळते. आपल्या जन आरोग्य योजनेत जे मुळीच नाही, तेच तेथील अपंगांच्या जगण्याचा कणा आहे. ४ जुलै २०२५ रोजी तेथे जो कायदा झाला, त्याने दहा वर्षांत या योजनेतून सुमारे ९०० अब्ज डॉलरची कपात व्हावयाची आहे. शुश्रूषागृहातील खाटेचा खर्च देणे राज्यांवर बंधनकारक आहे, घरच्या मदतनिसाचा खर्च देणे ऐच्छिक. म्हणून पैसा आटला की कात्री प्रथम घरच्या सेवेला लागेल अशी तेथील अपंग संघटनांना धास्ती आहे. महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्या, अशी अटही प्रौढांवर येत आहे. अपंगांना तिच्यातून सूट आहे, परंतु आपण अपंग आहोत हे कागदोपत्री सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावरच आहे. वॉशिंग्टनचा कारकून आणि कल्याण तहसीलचा कारकून यांची भेट कधी झाली नसेल. पद्धत मात्र एकच आहे.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न अर्थमंत्री विचारतील. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून अपंगांचे निवृत्तिवेतन सहा हजार आणि पूर्णतः परावलंबी असलेल्यांचे पंधरा हजार केले. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसाला, अल्प का होईना, मासिक भत्ता देण्याचे तत्त्व मान्य झाले आहे. ही दोन्ही राज्ये महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत आहेत असे कोणी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजार होती. त्यांतील ज्यांना सतत शुश्रूषेची गरज आहे ते याचा एक अंश. त्या आईच्या श्रमांचे मोल, निदान त्यातील काही भाग, देणे या राज्याला अशक्य आहे असे म्हणावयाचे असेल, तर विमा हप्ते आणि खासगी रुग्णालयांची बिले यांच्यावर जो पैसा जातो त्याचा ताळेबंद आधी समोर ठेवावा.

राज्याच्या पातळीवरचा लढा लांबचा आहे. महापालिकांच्या पातळीवरचा उद्या सकाळी सुरू करता येण्यासारखा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवावा असा शासनाचा आदेश आहे. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासकांचे राज्य होते. या निधीचा हिशेब विचारणारे सभागृहच नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर ती सबब उरलेली नाही. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी आपल्या नगरसेवकाकडून गेल्या पाच वर्षांत या निधीतून किती रक्कम खर्ची पडली, किती परत गेली, कशावर खर्च झाली, हे लेखी मागावे. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर येथे अपंगांना संपूर्ण विनामूल्य बाह्यरुग्ण सेवा, तेथेच रोजचा व्यायामोपचार विभाग, नागरी आरोग्य केंद्रांतून झटक्यांची व मनोविकाराची औषधे, आणि अंथरुणावर असलेल्यांच्या घरी जाणारे तपासणी पथक, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. २५ वे कलम आणि हा निधी पुरेसा आहे. तहसील कचेरीत अर्ज नाकारला गेला तर नकाराचे कारण लेखी घ्यावे, दाखल्याच्या रांगेत आपला एक माणूस बसवावा, आणि ५० हजारांच्या मर्यादेपायी बाहेर राहिलेल्या कुटुंबांची यादी प्रभागवार करावयास घ्यावी. ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावयाचे आहे, आणि जाताना त्या आयांना बरोबर न्यावयाचे असेल तर मुलांपाशी त्या दिवशी कोण बसणार, याची व्यवस्था आधी करावी लागेल.